बुंदीचा फाटका कान

तिसरा एपिसोड संपला, शाळेच्या हॉलच्या खिडक्यांवरचे पडदे सरकवले आणि पाहतो तर दुसऱ्या रांगेतली एक मुलगी रडत होती.

जयपूरजवळच्या चाकसूच्या एका शाळेत आम्ही आमची नवी कार्टून मालिका मुलांना दाखवायला घेऊन गेलो होतो. याला टेस्ट स्क्रीनिंग म्हणतात. टीव्हीवर लागण्याआधी मालिका मुलांसमोर लावायची आणि चॅनेलच्या माणसांनी पडद्याकडे पाठ करून मुलांचे चेहरे बघत बसायचं. मुलं कुठे हसतात, कुठे चुळबुळ करतात, कोणत्या सीनला पाणी प्यायला उठतात, यावर आमचं भवितव्य ठरतं. त्या दिवशी मुंबईहून चॅनेलच्या नंदिता मॅडम आल्या होत्या. त्यांना पटलं तर मालिका उन्हाळ्याच्या सुट्टीत लागणार होती. नाही पटलं तर ‘पुढच्या वर्षी बघू’. आमच्या धंद्यात या वाक्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो.

तोवर सगळं झकास चाललं होतं. लंगूर फांदीवरून घसरला तेव्हा मुलं खिदळली. मगर आली तेव्हा ‘भाग, भाग!’ असा आरडाओरडा झाला. आणि शेवटी, जिथे रडण्यासारखं काही म्हणजे काही नव्हतं, जिथे बिबट्याचा बछडा घरी येतो आणि आई त्याला चाटते, तिथे ही मुलगी मुसमुसायला लागली.

वर्गाच्या बाईंनी विचारलं, “कोमल, क्या हुआ?”

कोमल डोळे पुसत म्हणाली, “पहला वाला तो आयो ही कोनी.”

पहिला आलाच नाही. जयपूरला आल्यापासून ‘कोनी’ म्हणजे ‘नाही’ एवढं मला कळतं. मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. ती काय म्हणतेय ते त्या हॉलमधल्या मोठ्या माणसांपैकी फक्त मला आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या शलाकाला कळलं होतं. शलाकाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती फक्त हळूच म्हणाली, “सर, कान.”

आता हे कानाचं प्रकरण सांगायला हवं.

मी अॅनिमेशन सुपरवायझर आहे. मूळचा साताऱ्याचा. पुण्यात बरीच वर्षं काम केल्यावर जयपूरच्या एका स्टुडिओत आलो. आमचा स्टुडिओ मुरलीपुऱ्यात आहे. खाली पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा कारखाना, वर आम्ही. खालचं मशीन सुरू झालं की आमच्या टेबलांवरचे चहाचे कप थरथरतात. आजवर आम्ही दुसऱ्यांच्या मालिकांची किरकोळ कामं करत आलो. कुणाच्या रेषा साफ कर, कुणाचे रंग भर. ही आमची पहिली स्वतःची मालिका. जुन्या, शंभरेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजी जंगल-साहसकादंबऱ्यांवरून केलेली. त्या कादंबऱ्यांत एक साहेब बंदूक घेऊन जंगलात शिरतो आणि दिसेल ते प्राणी मारतो. आम्ही साहेबाला रजा दिली, बंदूक काढून टाकली आणि पुस्तकात कडेकडेने वावरणारा बिबट्याचा बछडा हिरो केला. अंगभर ठिपके, म्हणून त्याचं नाव बुंदी. जंगल मात्र आम्ही इथल्याच बगरू गावात ठशांनी छापतात त्या कापडाच्या रंगांत रंगवलं. गडद निळं, विटकरी लाल आणि काळं. पहिल्यांदा ते जंगल पडद्यावर पाहिलं तेव्हा खालच्या खोक्यांच्या कारखान्यातली माणसंही वर येऊन बघून गेली होती.

मूळ कादंबरीत मगरीने बछड्याचा डावा कान फाडलेला आहे. आम्हीही तो तसाच ठेवला. प्रत्येक पात्राचं एक मॉडेल शीट असतं, म्हणजे ते पात्र सगळ्या बाजूंनी कसं दिसतं त्याचं चित्र. बुंदीच्या शीटवर मीच लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘फाटका कान नेहमी डावा.’

आता पुढची गोष्ट. मालिकांमध्ये आम्ही दिशेचा एक नियम पाळतो. पात्र घरातून बाहेर निघालं की पडद्यावर डावीकडून उजवीकडे जातं. घरी परतताना उजवीकडून डावीकडे. त्यामुळे कुणी न सांगताही मुलांना कळतं की आता हा घरी चाललाय. मग वेळ वाचवायला अॅनिमेटर काय करतो? जाणाऱ्या बुंदीची चाल एकदा बनवतो आणि परत येताना तीच चाल आरशात दिसावी तशी उलटी करतो. एक बटण दाबायचं. याला फ्लिप म्हणतात. पण आरशात डावं ते उजवं होतं. म्हणून फ्लिप केल्यावर प्रत्येक शॉटमध्ये कान हाताने पुन्हा बदलावा लागतो.

मालिका अर्ध्यावर आली आणि आमचं वेळापत्रक घसरलं. शलाका म्हणजे आमची मुख्य अॅनिमेटर. लातूरची, वयाने माझ्या निम्मी, कामात माझ्या दुप्पट. ती एक दिवस माझ्या टेबलापाशी आली.

“सर, परतीच्या शॉट्सचे कान बदलायचे राहिलेत. सगळे बदलायचे तर एपिसोड वेळेत जात नाहीत.”

मी म्हणालो, “राहू दे. नखाएवढा कान. कोण बघतंय?”

“तुम्ही लाल अक्षरांत लिहिलंय, सर.”

“मीच लिहिलंय ना? मग मीच सांगतोय.”

ती गेली. मी त्या रात्री नीट झोपलो नाही. हे काही विशेष नाही. मी तसाच आहे. ऑफिसात वीज गेली तरी माझ्या तोंडून ‘सॉरी’ निघतं आणि पोरं हसतात. पण कान काही मी बदलायला सांगितले नाहीत. बघताबघता सगळी मालिका तशीच झाली. प्रत्येक एपिसोडमध्ये डावा कान फाटलेला बछडा जंगलात जायचा आणि उजवा कान फाटलेला बछडा घरी यायचा. चॅनेलने तपासलं, कुणाला दिसलं नाही. शलाका सोडून आमच्या ऑफिसातल्या सगळ्यांनी बघितलं, त्यांनाही दिसलं नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

चाकसूच्या कोमलला तीन एपिसोडमध्ये दिसलं.

नंदिता मॅडम तिच्या शेजारी सतरंजीवर बसल्या. “पहला वाला मतलब कौन, बेटा?”

कोमलने आपला डावा कान धरला. “जो जाता है, उसका ये वाला फटा है.” मग उजवा कान धरला. “जो आता है, उसका ये वाला. वो दूसरा है. पहला वाला जंगल में ही रह गया. और उसकी माँ को पता ही नहीं.”

हॉलमध्ये एकच गलका. “हाँ मैडम, मैंने भी देखा!” म्हणणारी निम्मी मुलं साफ खोटं बोलत होती, पण निम्म्यांनी खरंच पाहिलं होतं. मागच्या रांगेतला एक गोलमटोल मुलगा उठून उभा राहिला आणि त्याने प्रकरण आपल्या परीने निकालात काढलं. “अरे, दो भाई हैं! एक घूमता है, दूसरा घर आ जाता है. माँ समझती है बच्चा घर पे है. मैं और मेरा भाई भी करते हैं!”

त्यावर टाळ्या पडल्या. बाईंनी त्याचं नाव लक्षात ठेवल्यासारखं केलं.

कोमलचं मात्र समाधान झालं नाही. “पर वो रात को कहाँ सोता है?” तिने विचारलं. मग तिने असं काही सांगितलं की माझा उरलासुरला धीर सुटला. चाकसूला शीतलामातेची मोठी जत्रा भरते, ती नुकतीच होऊन गेली होती. “मेले में कोई खो जाता है तो माइक पे बुलाते हैं,” ती म्हणाली. “इसको तो किसी ने बुलाया भी कोनी.”

मुलं खाऊ घ्यायला बाहेर पळाली. हॉलमध्ये आम्ही चौघं उरलो. मी, शलाका, नंदिता मॅडम आणि आमचे युनिट हेड राठौड़जी. राठौड़जी पक्के जयपूरचे. आवाज चढवत नाहीत, घाई करत नाहीत आणि अडचणीत सापडले की चहा मागवतात. त्यांना कानाबद्दल आत्ता, कोमलच्या तोंडून कळलं होतं. पण चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

नंदिता मॅडमनी लॅपटॉपवर एपिसोड मागेपुढे करून पाहिला. डावा. उजवा. डावा. उजवा. मग चष्मा काढला.

“हे काय आहे?”

राठौड़जी हसले. “मैडम, यही तो हमारा ट्विस्ट है! जुळे भाऊ. शेवटच्या एपिसोडमध्ये रहस्य खुलणार. म्हटलं बघूया, मुलं पकडतात का. पकड लिया! बच्चे कमाल के हैं.”

असं सुंदर खोटं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्या क्षणी मी फक्त मान हलवायची होती. समोर आमच्या सगळ्या पोरांचं काम होतं, सुट्टीतला स्लॉट होता. शलाका माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. त्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलं होतं, सर, आज नाही.

“मॅडम,” मी म्हणालो, “ट्विस्ट वगैरे काही नाही. चूक आहे. माझी आहे. फ्लिप केल्यावर कान बदलायचे होते. मीच बदलू दिले नाहीत.”

राठौड़जींनी डोळे मिटले. “चाय मँगवाता हूँ,” असं म्हणून ते उठले.

“किती शॉट्स?” मॅडमनी विचारलं.

“घरी परत येण्याचा प्रत्येक शॉट. सगळ्या एपिसोडमधला.”

“दुरुस्त करायला?”

“प्रत्येक शॉट उघडावा लागेल. कान बदला, पुन्हा रेंडर करा, पुन्हा जोडा, पुन्हा तपासा.” मी थांबलो. “सुट्टी निघून जाईल.”

बाहेर मुलांचा गोंगाट चालला होता. त्यात तो गोलमटोल मुलगा आपली दोन भावांची थिअरी कुणाला तरी रंगवून सांगत होता आणि ऐकणारे त्याला प्रश्नावर प्रश्न विचारत होते. आई दोघांना वेगळं ओळखत कशी नाही? तिला वासाने कळायला हवं. नाही, तिला माहीत असेल, ती बोलत नसेल. हो, माझी मम्मी पण अशीच करते, आधी काही बोलत नाही.

मॅडमनी ते सगळं ऐकलं. मग माझ्याकडे वळल्या.

“तुम्ही खरं बोललात, त्याबद्दल थँक यू. पण राठौड़जींचं खोटं जास्त चांगलं आहे.”

मला काही कळेना.

“शेवटचा एपिसोड अजून तुमच्याकडेच आहे ना? मग त्यांचं खोटं खरं करा. बछडे दोन आहेत. पण त्या मुलीला मला पुन्हा याच हॉलमध्ये बसवायचंय. ती रडली तर सुट्टी विसरा.”

राठौड़जी चहा घेऊन दारातच उभे होते. सगळं ऐकून त्यांनी पहिला कप मला दिला. “देसाई साहब,” ते म्हणाले, “पुढच्या वेळी मी खोटं बोललो की तुम्ही पाणी प्यायला जात चला.”

परतीच्या वाटेवर मी गाडीत पुढे बसलो होतो. टोंक रोडवर कुठेतरी शलाका एकदम म्हणाली, “आई.”

“कोणाची?”

“बुंदीची. सर, त्या पोरीला ट्विस्ट नकोय हो. तिला एवढंच हवंय की आईला माहीत होतं.”

मी मागे वळून तिच्याकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचं डोकं आधीच कामाला लागलं होतं. “आणि कोणीतरी त्याला हाक मारायला हवी. माइकवर.”

आमच्या ऑफिसात त्यानंतर जे दिवस आले, तसे मी या नोकरीत क्वचित पाहिले आहेत. अॅनिमेटर एखादी हालचाल चितारण्याआधी ती स्वतः करून बघतो आणि मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढतो. त्यावरून चित्रं काढतो. बिबट्याची आई पिलाला कशी जवळ ओढते, यावर मतभेद झाले. मग राठौड़जी स्वतः गच्चीवर सतरंजी टाकून चार पायांवर उभे राहिले. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाईंनी काम थांबवलं आणि निवांत बसून सगळा प्रकार पाहिला. “राठौड़जी, मान जरा खाली. ममता दिसू दे,” शलाका ओरडत होती. “ममता मेरे घुटने में चली गई है,” ते म्हणाले. ते उठेपर्यंत खोक्यांच्या कारखान्याची निम्मी माणसं जिन्यात उभी होती.

हाक लंगूर मारणार होता, आणि त्याच्या आवाजासाठी आम्ही जत्रेतल्या घोषणांची ती खास पद्धत वापरली. आधी माइकवर टिचक्या. मग ‘हॅलो, हॅलो’. मग घोषणा, आणि तीच घोषणा पुन्हा एकदा, जरा रागावून. आवाज देणारा कलाकार चाकसूच्या जत्रेत लहानपणी खरोखर हरवला होता. त्याने ती इतकी मनापासून म्हटली की रेकॉर्डिंगच्या काचेमागून आम्ही दुसरा टेक मागितलाच नाही.

दोन्ही बछडे भेटतात तो शॉट शेवटी करायचा ठेवला होता. एक डावीकडून येणार, एक उजवीकडून, आणि मधोमध आई. शलाकाने एकच बछडा बनवला. मग माझ्याकडे पाहून तिने बटणावर बोट ठेवलं.

“सर, फ्लिप करू?”

“कर.”

“कान बदलू?”

“खबरदार.”

सगळ्या मालिकेत तेवढा एकच फ्लिप नियमाप्रमाणे बरोबर होता. आणि त्याने एवढं काम वाचलं की मला पुन्हा थोडं अपराधी वाटलं.

शाळेला सुट्टी लागायच्या आधी आम्ही पुन्हा चाकसूला गेलो. तोच हॉल, त्याच रांगा. मॅडम यावेळी पडद्याकडे पाठ करून सरळ कोमलच्या समोर बसल्या. मीही तिलाच बघत होतो. एपिसोड मला पाठ होता, त्यामुळे पडद्यावर काय चाललंय ते आवाजावरून कळत होतं.

जंगलात संध्याकाळ होते. नेहमीप्रमाणे उजवा कान फाटलेला बछडा घरी येतो. आई त्याला चाटते. मग म्हणते, “आणि तुझा भाऊ?”

कोमलने ओढणीचं टोक तोंडात धरलं.

बछडा खाली बघतो. आई म्हणते, “मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. रोज रात्री गुहेबाहेर अर्धं खाणं कोणासाठी ठेवते मी?” मग ती मान वर करून लंगुराकडे बघते. लंगूर सगळ्यात उंच झाडाच्या शेंड्यावर चढतो. टिचक्या मारतो.

“हॅलो, हॅलो. सुनिए, सुनिए. एक बच्चा, बदन पे बुंदियाँ, बायाँ कान फटा हुआ. जहाँ भी हो, घर आ जाए. माँ इंतज़ार कर रही है. डाँटेगी नहीं.”

आणि मग, जरा रागावून, “मैं फिर से बोल रहा हूँ, डाँटेगी नहीं!”

मुलं हसली. हसता हसता मध्येच थांबली, कारण डावीकडची झुडपं हलली होती. तो गोलमटोल मुलगा उठून उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, “बोला था ना!” त्याच्यानंतर काय झालं ते मला ऐकू आलं नाही, एवढा गोंधळ. मुलं एकमेकांचे कान ओढत होती. बाई टाळ्या वाजवत होत्या. राठौड़जी मान थोडी खाली घालून पडद्यावरच्या आईकडे बघत होते, आपलं काम ओळखल्यासारखे.

कोमल जागेवरून हलली नाही. पडद्यावर आई मध्ये आणि दोन्ही बाजूंना दोघं बछडे झोपले होते. तिने आधी एका बछड्याचा कान पाहिला, मग दुसऱ्याचा. मग ओढणी तोंडातून काढली.

“अब माँ भी सो जाएगी,” ती म्हणाली.

नंदिता मॅडमनी फोन काढला आणि बोलायला बाहेर गेल्या. दारातून वळून त्यांनी मला अंगठा दाखवला.

मालिका सुट्टीत लागली. शेवटचा एपिसोड झाल्यावर मुलांनी म्हणे पहिल्यापासून पुन्हा बघायला घेतली, या वेळी फक्त कानांकडे लक्ष ठेवून. लोक भेटतात आणि आमच्या दूरदृष्टीचं कौतुक करतात. सुरुवातीपासून एवढं बारीक नियोजन कसं केलंत, म्हणतात. मी त्यांना खरं काय ते सांगायला लागतो. शलाका लगेच माझ्या हातात पाण्याचा ग्लास देते.

बुंदीच्या मॉडेल शीटवरची लाल ओळ मी खोडलेली नाही. तिच्याखाली आता शलाकाने दुसरी ओळ लिहिली आहे, ‘भावाचा नेहमी उजवा.’ दुसऱ्या भागाचं काम सुरू झालंय आणि आता आम्हाला दोन बछडे सांभाळायचे आहेत. म्हणजे फ्लिप केला की कान तपासायचे काम दुप्पट. ते मी स्वतः करतो. मोठी माणसं नखाएवढा कान बघत नाहीत, हा माझा अंदाज तसा बरोबरच होता. फक्त आम्ही मालिका मोठ्या माणसांसाठी बनवत नव्हतो.